मंगल शिवलिंग शेटे हिचा पत्ता

धर्मापुरी, ता. परळी
९ जुलै २०२५

रोहिणीस,

वर आशीर्वाद लिहायची रीत हाय म्हणून हात तिकडं गेलता, पण लिहीत न्हाई.

तुझं रजिस्टर पत्र काल मिळालं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोरच सही केली. मार्चपासून तू माझा नंबर बंद करून ठेवलास. सख्ख्या भावाची बायको मेली का जगली, चार महिन्यांत इचारलं न्हाई. आणि आता एकदम "प्रिय वहिनी". प्रिय कावून झाले ते दुसऱ्या पानावर कळलं.

तर तुझ्या पीएच.डी.च्या बाहेरच्या परीक्षकांनी हरकत काढलीय. चौथ्या प्रकरणात कड्याची एक बाई हाय, तिचं रक्त पुन्हा घ्या, पुन्हा तपासा, मगच तोंडी परीक्षा लावू, असं त्यांचं म्हणणं. आणि त्या बाईचा पत्ता तुझ्याकडं न्हाई, कारण कड्याला रक्त गोळा करायला तू आली नव्हतीस, मला पाठवलंतंस. तू लिहितेस, "के-११, मंगल शिवलिंग शेटे. वहिनी, कडा तुझं माहेर आहे, ही तुझ्या भावकीतलीच कुणी असेल. तिला गाठून एक नळी रक्त पाठव. बर्फाचा डबा मी कुरियरनं पाठवते. पंधरा सप्टेंबरच्या आत हवं."

मंगलला मी ओळखते. चांगली ओळखते. पण पत्ता आत्ताच देणार न्हाई.

फोन करू नको. परवा मैत्रिणीच्या नंबरवरून केलतास, आवाज ऐकला आणि ठेवून दिला. आता जे काय ते कागदावर. फोनवर बोललेलं माणूस उद्या नाकारतं, आणि तू तर नाकारण्यात पटाईत झालीस.

आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. चौदा मार्चला घाटनांदूरच्या पाव्हण्यांनी तुला फोन केलता. माझ्या थोरल्या ईश्वरीची सुपारी फुटून वीस दिवस झालते. त्यांनी इचारलं, पोरगी चांगली हाय, पण तिची धाकटी बहीण गंगासागर जन्मापासून बहिरी, तर हा दोष कुणाकडला? तू त्यांना काय सांगितलंस?

जे सांगितलंस ते जसंच्या तसं लिहून पाठव. खाली सही कर. मग मंगलचं बघू.

वहिनी


२१ जुलै २०२५

रोहिणीस,

उत्तर आलं. टाईप केलेलं, एका पानाचं. "मी त्यांना केवळ शास्त्रीय माहिती दिली. हा नवीन जनुकीय बदल मातृपक्षाकडून आलेला आहे, एवढंच मी म्हटलं."

मातृपक्ष म्हणजे मी. सरळ लिहायचं की, वहिनीकडून आला म्हणून. पाव्हण्यांना तू मातृपक्ष म्हणाली नसशील. पोराच्या आईनं मला तुझं वाक्य ऐकवलं तेव्हा ते असं होतं, "दोष वहिनीच्या माहेरचा, आमच्या घराण्यात असलं काही न्हाई."

सतरा मार्चला ती दारात आली. घरात आली न्हाई. पिशवीत साडी, वर नारळ, आपण दिलेलं सगळं. मी म्हणलं, बाई, बसा तरी, चहा घ्या. ती म्हणली, "तुमच्या नणंदेनंच सांगितलं. ती डॉक्टर होणार, ती कशाला खोटं बोलंल?" ईश्वरी आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. तिनं सगळ्या पोळ्या केल्या, कुणी खाल्ल्या न्हाईत.

तुझ्या भावानं त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलंय. काही पायजे असलं तर गंगासागरला खुणेनं सांगतो, आईला म्हणावं वाढ. ती खुणेनं मला सांगते. चौदा वर्षांची पोर, जिला ऐकू येत न्हाई, ती आमचा निरोप्या झालीय. सुट्टी संपून ती अंबाजोगाईला शाळेत गेली तेव्हापासून घरात तेवढंबी न्हाई.

आता मी तुला एक शास्त्रीय माहिती देते. ही तुझीच हाय.

२०२२ ची दिवाळी. तू दुकानात पोत्यावर बसलीस, साखर बांधायचा कागद घेतलास आणि दोन गोल काढलेस, एक आईचा, एक बापाचा. म्हणलीस, वहिनी, हा असला बहिरेपणा एकाकडून येत न्हाई. आईकडून जनुकाची एक खराब प्रत, बापाकडून एक खराब प्रत, दोन्ही एका पोराच्या वाट्याला आल्या तरच ते बहिरं होतं. एकच असली तर माणसाला जन्मात कळतबी न्हाई.

गंगासागर झाल्यापासून आप्पा मला म्हणत आले, पोटुशी असताना गिराण बघितलंस, म्हणून पोर बहिरी. अकरा वर्षं ऐकलं. सासरा हाय, वयाचा माणूस, उलटून बोलले न्हाई. त्या दिवशी तुझ्या त्या दोन गोलांनी पहिल्यांदा मला सांगितलं की हे माझ्या एकटीचं न्हाई. मी मोरीत जाऊन रडले. तू समजलीस मिरची झोंबली.

तो कागद घेऊन मी एक्केचाळीस घरं फिरले. आशा वर्कर म्हणून लोक मला दारात घेतात, पण रक्त म्हणलं की बाया आत जातात. ज्या घरात बहिरं पोर, तिथं सासू पुढं आणि सून खांबामागं. मी सुनेकडं बघून सांगायची, दोष एकट्या बाईचा नसतो, दोन्हीकडून येतो, सरकारमान्य विद्यापीठाच्या मॅडमनी सांगितलंय. त्या बायांचे खांदे कसे खाली यायचे ते तू बघितलं न्हाईस. तू बाहेर जीपमध्ये नळ्यांना नंबर चिकटवत होतीस. त्या एका वाक्यावर एक्केचाळीस घरांनी हात पुढं केले, आणि त्या हातांवर तुझा प्रबंध उभा हाय.

आणि स्वतःच्या घराची पाळी आली तेव्हा ते वाक्य तू अर्धं केलंस.

शिरूर कासारकडची एक ऊसतोड बाई होती, आठवत असंल, जिनं आधी कोयता उगारलाता आणि मग तीन पोरांची नावं सांगितली. तिला मी आता तोंड कसं दाखवू सांग.

मंगल मजेत हाय. काळजी करू नको.

वहिनी


नागपंचमी, २९ जुलै २०२५

रोहिणी,

तुझा बर्फाचा डबा आला. रिकामा. आप्पांनी त्यात भगरीच्या पुड्या ठेवल्यात, श्रावणात लई खपतात.

यंदा पंचमीला मी कड्याला गेले न्हाई. भावाला म्हणलं तब्येत बरी न्हाई. माहेरी कुणी इचारलं असतं की ईश्वरीचं लगीन कावून मोडलं, तर सांगावं लागलं असतं की तुमचंच रक्त वाईट निघालं.

तू लिहितेस, "वहिनी, झालं गेलं विसर, माझी सात वर्षं पणाला लागली आहेत." सात वर्षं. बरं. तू सहा वर्षांची होतीस तेव्हा मी या घरात आले. तू दहाची झालीस आणि तुझी आई गेली. तिथून पुढं तुझ्या वेण्या, तुझे डबे, तुझ्या उवा, अकरावीला लातूरला जायचं म्हणून तुझ्या भावाशी घातलेलं भांडण. आपल्यात नणंदेला वन्सं म्हणायची पद्धत. मी एकदाबी म्हणलं न्हाई, पोरीला कुणी वन्सं म्हणतं का. आता म्हणत जाईन.

तर वन्सं, तुमचा प्रबंध आप्पांनी देवघरात ठेवलाय. रोज पूजा झाली की त्याच्या पुठ्ठ्याला भस्माची तीन बोटं ओढतात. ईश्वरी बी.एस्सी. झालेली हाय हे तू विसरलीस वाटतं. ती दुपारी आप्पा झोपले की तो काढून आणते, मला वाचून समजावून सांगते आणि पुन्हा ठेवते. पूर्ण चौथं प्रकरण झालं आमचं.

पाठ म्हणून दाखवू? डी म्हणजे धर्मापुरी, के म्हणजे कडा. डी-३ तुझा भाऊ वैजिनाथ, त्याच्यात एक बदल, तो आधीपासून जगाला माहीत असलेला, म्हणून त्याला एक ओळ. डी-४ मी, माझ्यात दुसरा बदल, तो आजवर कुणी नोंदवला न्हाई, म्हणून मला बावीस पानं. आणि हा नवा बदल खरा, तो कड्याच्या घराण्यांत फिरतो, याला पुरावा काय? के-११. कड्यात बाकी कुणात सापडला न्हाई, एका मंगलमध्ये सापडला. ती काढली तर सगळ्या जगात तो बदल माझ्या एकटीत राहतो, आणि एका बाईवर प्रकरण होत न्हाई. ईश्वरी म्हणली, आई, आत्याचं सगळं घर या एका खांबावर हाय.

आणखी एक. डी-२ आप्पा, त्यांच्यातबी भावासारखाच बदल. मग डी-१ कोण? मला आठवतं. लोक घाबरत होते म्हणून अंगणात सगळ्यांच्या समोर तूच पहिला हात पुढं केलास, म्हणलीस बघा, मीबी देते. टाळ्या वाजल्या. ती नळी डी-१. प्रबंधात यादी डी-२ पासून सुरू होते. तुझा निकाल मी बघितला न्हाई, पण चांगला असता तर तू तो काढला नसतास.

तुझं सोलापूरचं स्थळ चौदा मार्चला बोलणीवर होतं ना? मला पाव्हण्यांतल्या एकीकडून कळलं. घाटनांदूरवाले आणि ते सोलापूरवाले एकमेकांचे पाव्हणे. म्हणजे ईश्वरीच्या पाव्हण्यांना दिलेलं उत्तर तुझ्या सासरी पोचणार, हे तुला ठाऊक होतं. भाचीला घरी बसवून तू स्वतःचं जमवलंस. हे मला लई दिवसांनी जुळलं, पण जुळलं.

माझी अट ऐक. इथं ये. आप्पा, तुझा भाऊ आणि घाटनांदूरची ती बाई, तिघांसमोर बस आणि ते दोन गोल पुन्हा काढ. एक आईचा, एक बापाचा. बापाच्या गोलात आपल्या घराचं नाव लिही. त्या पोराशी आता लग्न करायचं न्हाई, ईश्वरीच न्हाई म्हणते. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं हाय.

ते झालं की मंगल त्याच दिवशी हात पुढं करील.

वनमाला


१२ ऑगस्ट २०२५

डॉक्टर वन्सं,

तुमी येणार न्हाई, हे कळलं. परीक्षा झाल्यावर बघू, असं लिहिलंय. परीक्षा झाल्यावर लग्न, लग्न झाल्यावर परदेश. मी काय आज ओळखते का तुला.

पण सोबत जो कागद पाठवलास, तो वाचून मी अर्धा तास गल्ल्यावर बसून राहिले. एक जण गूळ मागत होता, त्याला मीठ दिलं.

कागद इथं उतरून काढते, म्हणजे तू काय पाठवलंस ते तुझ्याबी डोळ्यांसमोर राहील. "मी, क्षेत्रीय कार्यकर्ती, असे प्रमाणित करते की नमुना क्रमांक के-११ ची दात्री, मंगल शिवलिंग शेटे, रा. कडा, ता. आष्टी, ही दिनांक — रोजी — या कारणाने मयत झाली असून तिचा नमुना पुन्हा घेणे शक्य नाही." खाली माझ्या सहीची जागा. आणि तुझ्या हातची चिठ्ठी, "वहिनी, ती सापडत नसेल किंवा तयार नसेल तर एवढं कर. तारीख, कारण काहीही टाक. दात्री मयत असेल तर परीक्षक सूट देतात. कोण कुठली बाई, तिचं यात काय जातंय?"

पंधरा वर्षं आशा हाय मी. या गावात माणूस गेलं की पहिली नोंद माझ्या वहीत होते. घरचे रडत असतात आणि मी इचारत असते, वय काय, दुखणं कशाचं, किती वाजता. लोकांना वाटतं हिला काळीज न्हाई. पण त्या वहीत मी आजवर एकबी खोटं मरण लिहिलं न्हाई. पोषण आहाराची पोरं फुगवून लिहा म्हणून वरून दाब आला, ते लिहिलं असंल एखाद्या वेळी. मरण न्हाई.

तुला शेवटचं इचारते, कारण तुझ्या आईला मी तिच्या शेवटच्या दिवसांत शब्द दिलता की पोरीला सांभाळीन. ही मंगल तू बघितलेली हाय. तिच्या हातचं खाल्लंस. डोक्याला जोर देऊन आठव, आणि आठवलं न्हाई तर फोन करून इचार की वहिनी, मंगल कोण. एवढ्या चार पत्रांत तू तिचा पत्ता मागितलास, रक्त मागितलंस, आता मरण मागितलंस. ती कोण, हे एकदाबी इचारलं न्हाईस. माझा फोन आठ दिवस सुरू राहील, या वेळी मी ठेवणार न्हाई.

न्हाईतर लेखी कळव की मंगल मेली असंच लिहून पायजे.

वनमाला


२२ ऑगस्ट २०२५

रोहिणीस,

फोन आला न्हाई. चिठ्ठी आली. "हो. प्लीज लवकर."

लवकर म्हणलीस म्हणून आजच करते. कागद भरलाय. सोबत त्याची झेरॉक्स हाय. तुला वाचायला सोपं जावं म्हणून काय भरलं ते सांगते.

मयताचं नाव, मंगल शिवलिंग शेटे, रा. कडा. मृत्यूची तारीख, १२ मे २००२. ठिकाण, धर्मापुरी, कोरे यांच्या, म्हणजे आपल्याच दारातला मांडव. कारण, लग्न.

त्या दिवशी तू मांडवात होतीस. सहा वर्षांची, परकर सारखा पायात येत होता. ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या भावानं अंगठीनं त्यात लिहिलं, वनमाला. तुझ्या आईला त्या वेळी टीव्हीवरचं कुठलं तरी नाव आवडलंतं. मला कुणी इचारलं न्हाई. मी तांदळाकडं बघत होते, अठरा वर्षांची, आणि मला आठवतं की पहिल्यांदा ते नाव मला वाचताच आलं न्हाई, उलटं बसले होते ना मी. मागून कुणीतरी म्हणलं, वनमाला, ऊठ, आणि मी उठले न्हाई. सगळे हसले. तूबी हसलीस.

तेव्हापासून तेवीस वर्षं. रेशन कार्ड वनमाला, बँक वनमाला, आशाचं ओळखपत्र वनमाला. एका घरात, एका चुलीवर, तुझ्याएवढं मी कुणासाठी केलं न्हाई, पोटच्या पोरींसाठीबी. तुला माझ्या रक्तातली अक्षरं पाठ हायेत, कुठल्या जागी कुठलं अक्षर बदललं ते तू इंग्रजीत बावीस पानं लिहिलंस. आईबापानं ठेवलेलं माझं नाव काय, हे तुला माहीत न्हाई. वहिनीला माहेरी काय म्हणत असतील, असा विचारच तुझ्या मनात कधी आला न्हाई. एवढी शिकलीस आणि इथं चुकलीस.

आता माझी चूक लिहिते. लपवून काय करू.

२०२३ च्या पंचमीला तू मला नळ्या घेऊन कड्याला पाठवलंस. आरोग्य केंद्राच्या सुनिता सिस्टर रक्त काढत होत्या, मी फॉर्म भरत होते. दहा जण झाले. सरस्वती काकू ओसरीवरून ओरडली, "अगं मंगल, सगळ्यांचं काढलंस, तुझं कोण काढणार?" सिस्टरला वाटलं मी घरातलीच पोर. म्हणल्या, बसा ताई, नाव सांगा. डी-४ म्हणून माझं रक्त नऊ महिने आधीच गेलंय हे मला माहीत होतं. दोनदा द्यायचं नसतं हे तू सांगितलं नव्हतंस, पण मला कळत होतं, मी काय बावळट न्हाई. तरी मी बसले. काकूनं मंगल म्हणलं ना, मला ते कागदावर बघायचं होतं. दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं. सिस्टरनी लिहिलं, मंगल शिवलिंग शेटे, आणि मी सही केली. एकवीस वर्षांत ती सही मी विसरले न्हाई, हात बरोबर चालला.

मोह झाला. दुसरं कारण न्हाई. त्या नळीवर तू प्रकरण उभं करशील हे मला स्वप्नातबी न्हाई आलं. ते जेव्हा कळलं, म्हणजे जूनमध्ये, ईश्वरीनं के-११ वाचलं तेव्हा, मी हसले. खरंच हसले. माझ्या माहेरावर दोष टाकायला तू जी साक्षीदार आणलीस ती मीच निघाले. ईश्वरी म्हणली, आई, लगेच कळव आत्याला. मी म्हणलं, थांब. तिला येऊ दे माझ्या दारात. खोटं कशाला बोलू, हे दोन महिने मला लई बरे गेले. तू विनवण्या करत होतीस आणि मी दुकानात तूरडाळ मापत होते. आप्पा म्हणलेबी, सूनबाई आजकाल गुणगुणतीय.

आलीस असतीस तर मी त्याच क्षणी सांगून टाकलं असतं. आपण दोघींनी मिळून तुझ्या मॅडमना पत्र लिहिलं असतं, चूक झाली म्हणून. सहा महिने लांबलं असतं, बाकी काय. पण तू मला मारायचा कागद पाठवलास, आणि इचारल्यावर हो म्हणलीस.

तर आता हे ऐक. तुझ्या मार्गदर्शक मॅडमच्या पत्त्यावर, तुझ्याच लेटरहेडवरून घेतला, मी एक पाकीट टाकलंय. त्यात माझ्याकडच्या वहीतले दोन फॉर्म, डी-४ आणि के-११. माझा शाळेचा दाखला, त्यावर मंगल. लग्नाची पत्रिका, त्यावर दोन्ही नावं. तुझा मयताचा कागद, भरलेला, आणि तुझ्या दोन्ही चिठ्ठ्या. वर ईश्वरीनं इंग्रजीत एक पान लिहिलंय, आत्याचं इंग्रजी चांगलं म्हणायचे सगळे, पोरीचंबी वाईट न्हाई. त्यात लिहिलंय की के-११ आणि डी-४ ही एकच बाई, ती जिवंत हाय आणि पायजे तितक्या वेळा हात पुढं करील. शेवटी एक ओळ मी मराठीत लिहिली, की आमच्या घरातला बहिरेपणा आई आणि बाप दोन्हीकडून आलाय, आणि हे मला डी-१ नं स्वतः शिकवलं.

फॉर्मवर दोन नावांनी सही केली म्हणून माझं आशाचं काम जाईल. तालुक्याला मी कळवलंय, आपण होऊन. तुझ्या भावाला सगळं वाचून दाखवलं. मग म्हणला, "माझ्यातबी हाय म्हणजे?" मार्चनंतरचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी म्हणलं, हाय, आणि आप्पांच्यातबी हाय. आप्पा उठून दुकानात गेले.

मॅडमचं पाकीट साध्या रजिस्टरनं गेलंय, तुझं हे स्पीड पोस्टानं. पोस्टात इचारून घेतलं, तुला दोन दिवस आधी मिळंल. माया म्हणून ठेवलेले न्हाईत हे दोन दिवस. कागदावरून त्यांना कळलं तर तू म्हणशील, वहिनीनं सूड घेतला, अडाणी बाई. ते मला नको. तू मॅडमच्या खोलीत जा, उभी राहा आणि तुझ्या तोंडानं सांग. तेवढ्यासाठी दोन महिने थांबले मी.

त्या इचारतील, के-११ कोण? तेव्हा माझी वहिनी असं म्हणू नको.

मंगल म्हण.